बाह्या तेवढ्या राहिल्यात

लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात कापडी पिशव्या एकावर एक रचलेल्या आहेत आणि प्रत्येकीत एकेक काम मध्येच थांबलेलं आहे. एकीत मोरपंखी स्वेटरची पाठ आणि पुढचा भाग तयार, बाह्यांचा पत्ता नाही. दुसरीत पायमोजा आहे, एकच. तिसरीत क्रोशाचे रंगीबेरंगी चौकोन. त्यांचा पलंगपोस व्हायचा आहे, असं बऱ्याच वर्षांपासून ठरलेलं आहे. चौथीतलं काळं टोपडं फक्त दिवसाउजेडी बाहेर निघतं. सगळ्यांत खालची पिशवी मात्र बाई उघडून दाखवत नाहीत. "ती राहू द्या," म्हणतात. त्या पिशवीतलं काम वाशीम जिल्ह्याहून जुनं आहे. वाशीम अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, आणि त्या सुयांवर टाके घातले तेव्हा बाईंच्या पगारपत्रकावर जिल्हा अकोलाच होता.

बाईंचं केनवड हे रिसोड तालुक्यातलं, मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. सोयाबीन, तूर, हरभरा ही इथली पिकं. थंडी दिवाळीनंतर येते आणि संक्रांत ओलांडली की काढता पाय घेते. एरवी लोकरीचं नाव काढायची सोय नाही. उन्हाळ्यात घामेजल्या बोटांना धागा चिकटतो, सुई सरकत नाही. म्हणून विणणाऱ्या बाईचा खरा हंगाम पावसाळा. शिवारात सोयाबीन फुलावर असतं तेव्हा घरात टाके पडायला लागतात, म्हणजे दिवाळीपर्यंत अंगात घालण्याजोगं काहीतरी हाती येतं. निदान तसा बेत असतो.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण गावात अजून 'बाई'च आहेत. शेजारची सून ओसरीवर टेकते, मोरपंखी तुकडा उचलून उलटसुलट करून पाहते.

"बाई, हे तुमच्या भाच्याचंच सेटर नं वो? त्याले तं आता मिशा फुटल्या!"

"मंग त्याच्या पोराले होईन," बाई मान वर न करता म्हणतात. ओळ चालू असताना मान वर करायची नाही, मोजणी चुकते.

अर्धवट विणकाम म्हणजे आळस, असं लोक सरसकट धरून चालतात. पिशव्या एकेक करून पाहिल्या तर ते पटत नाही. प्रत्येक काम थांबलं त्याला वेगळं कारण आहे, आणि बरीचशी कारणं विणीच्या आतच दडलेली आहेत.

मोरपंखी स्वेटरचंच घ्या. तो थांबला हिशेबापायी. मापाचा स्वेटर विणायचा तर आधी हातभर नव्हे, चार इंचांचा नमुन्याचा तुकडा विणायचा आणि इंचात किती टाके बसतात ते मोजायचं. पुस्तकातला नमुना इंचाला साडेपाच टाके धरून लिहिलेला होता. छाती २८ इंच, वर अंगासरशी बसू नये म्हणून दोन इंच सैल, म्हणजे घेर ३०. पाठीला ८४ टाके घालायचे. त्यातले दोन कडेच्या शिवणीत जातात, उरतात ८२. पुस्तकाच्या हाताने विणलं तर पाठ सुमारे १५ इंच भरते. पण बाईंचा हात सैल. त्यांचे इंचात पाचच टाके बसतात, आणि त्याच ८२ टाक्यांची पाठ १६.४ इंच होते. पुढचा भागही तेवढाच. इंचामागे अर्धा टाका, एवढ्याशा फरकाने अख्खा स्वेटर तीन इंचांनी मोठा झाला. नमुन्याचा तुकडा विणायचा कंटाळा बहुतेक सगळ्याच जणी करतात, कारण सुयांवर लोकर चढली की खरं काम सुरू करायची घाई होते. त्यावर उपाय साधा आहे, हात सैल असेल तर सुई बारीक घ्यायची. सुयांच्या नंबरांचा कारभार मात्र उलटा. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. ही जुनी ब्रिटिश मोजणी तिकडे मागे पडली, आपल्याकडच्या दुकानांत अजून तिचंच राज्य आहे.

मापाचा घोळ निस्तरता आला असता. भाचा वाढताच होता, तीन इंच त्याने भरून काढले असते. पण बाह्यांना लोकर कमी पडली.

विणणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट प्रसंग नाही. लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर दोन आकडे असतात, शेडचा आणि लॉटचा. शेड म्हणजे रंग. लॉट म्हणजे तो रंग कोणत्या घाण्यात, कोणत्या वेळी चढवला ते. शेड तीच असली आणि लॉट बदलला तर दुकानाच्या दिव्याखाली दोन्ही गुंडे सारखेच दिसतात. घरी आणून अंगणातल्या उन्हात शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो, आणि पाठ एका मोरपंखीची, बाही दुसऱ्या मोरपंखीची असा स्वेटर तयार होतो. म्हणून जाणत्या बायका एक गुंडा जास्तीचा घेतात आणि पट्टी जपून ठेवतात. रिसोडला किंवा वाशीमला ज्या दुकानात बांगड्या, लेस, बटणांसोबत लोकर मिळते, तिथे मागच्या वर्षीचा लॉट विचारला तर दुकानदार नुसता हसतो.

लोकर म्हणायचं, पण बहुतेक वेळा ती लोकर नसतेच. आपल्याकडे घरोघरी विणला जातो तो बराचसा धागा ॲक्रिलिकचा. खात्री करायची तर चिमटीभर तुकडा जाळून पाहावा. मेंढीची लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडेल अशी राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. मेंढ्या दख्खनच्या पठारावर पुष्कळ आहेत, पण त्यांची लोकर राठ. ती घोंगडीची. मागावर विणून चिंचोक्याची खळ दिली की घोंगडी पावसापाण्याला उभी राहते. बाळाच्या टोपड्याला ती कोण घेणार? आणि कापूस म्हणाल तर हा सगळा प्रदेशच कापसाचा, खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली ती कापसासाठी. गंमत अशी की सुयांवर विणलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या वस्तूंत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे पायमोजे येतात, साधारण ११ व्या ते १४ व्या शतकातले. ते सुतीच आहेत. वऱ्हाडातली बाई मात्र कापसाच्या शिवारात बसून कारखान्यातलं ॲक्रिलिक विणते, कारण सुताला ताण नसतो, हात लवकर दुखतो आणि स्वेटर धुतल्यावर लोंबतो.

चौथ्या पिशवीतलं काळं टोपडं बोरन्हाणासाठी घेतलेलं. संक्रांतीला बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, वर काळं टोपडं. काळ्या धाग्यात टाका दिसत नाही, तो बोटांनी चाचपावा लागतो. संध्याकाळी वीज गेली की काम बंद. एका संध्याकाळी टाका गळला आणि कळलं दुसऱ्या दिवशी, सहा ओळी वर गेल्यावर.

हा गळलेला टाका बाई कसा उचलतात ते पाहण्यासारखं आहे. सुईवरून निसटलेला फासा खालच्या ओळीत उतरलेला असतो आणि त्याच्यावर आडव्या धाग्यांची शिडी मोकळी पडलेली असते, जितक्या ओळी तितक्या पायऱ्या. बाई टोपडं दाराशी उजेडात नेतात, मागे पांढरा रुमाल धरतात. क्रोशाची सुई समोरून त्या फाशात घालतात, सगळ्यांत खालची पायरी आकड्यात पकडतात आणि फाशातून ओढून काढतात. नवा फासा तयार होतो. त्यातून पुढची पायरी, मग तिच्यावरची. सहावी पायरी संपली की टाका परत डाव्या सुईवर, आणि विणीत कुठे काही झालं होतं याचा मागमूस राहत नाही. उलट टाक्याच्या बाजूने हेच करायला गेलं तर गोंधळ होतो, म्हणून काम आधी सुलट बाजूला फिरवून घ्यायचं. मुळात दोन्ही टाके एकच. या बाजूने सुलट दिसतो तो त्या बाजूने उलट.

मागावरच्या कापडात उभा-आडवा असे दोन धागे असतात आणि शिवणकामात कात्री लागते. कात्री चालली की परतीची वाट बंद. विणकामात धागा एकच आणि तो अखंड, फाशातून फासा काढत गेलेला. काम सुईवर आहे तोवर ते आजही थांबवता येतं, पुढच्या वर्षीही. आणि नको झालं तर टोक ओढायचं. ओळीमागून ओळ सरसर सुटत जाते आणि पुन्हा गुंडा हातात येतो. सुटलेला धागा कुरळा असतो. त्याची लड करून दोन-तीन ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची, खाली हलकं वजन लटकवून वाळवायची. मेंढीची लोकर सरळ होते, ॲक्रिलिक थोडं हट्ट धरतं. शिंप्याकडे अर्धवट राहिलेलं ब्लाउज वाया जाऊ शकतं. बाईंच्या पिशव्यांत वाया गेलेलं असं काहीच नाही, म्हणून तर त्यांना घाई नाही.

घाई असते तेव्हा याच हातांचं काम वेगळं दिसतं. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध सुरू झालं तेव्हा लडाख आणि नेफाच्या थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी देशभरातल्या बायकांनी स्वेटर, मफलर, मोजे विणले.  बाईंची आई त्या विणणाऱ्यांतली. रंग एकच, माप एकच, नक्षी नाही, आणि बाह्या राहिल्या असं सांगायची मुभा नाही. आईचं त्यानंतर विणकामावरून मन उडालं, असं बाई सांगतात. आपण विणतो ते कोणी मागितलेलं नसतं, हा विणण्यातला मोठा भाग आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

मागण्याची गरजही आता नाही. दर हिवाळ्यात विदर्भातल्या शहरांत फूटपाथला तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. या दुकानांतला माल बहुतेक लुधियानाचा, यंत्रावरचा. त्या भावात नुसती चांगली लोकरही येत नाही. पैशाच्या हिशेबाने हाताने विणणं तोट्याचंच आहे. एका पाठीला ८४ टाके आणि सव्वाशेच्या आसपास ओळी; बगलेत कमी होणारे टाके सोडले तरी ९ ते १० हजार वेळा धागा सुईवरून टाकायचा. हे ज्याला ओझं वाटतं त्याने विणू नये, सरळ विकत घ्यावं. त्यात काही कमीपणाही नाही.

एकट्या पायमोज्याची गोष्ट निराळी. पहिल्या मोज्यात सगळं नवं असतं: चार टोकदार सुया, गोल फेरी, टाचेला आल्यावर अर्ध्याच टाक्यांवर मागे-पुढे विणत वळण देण्याची करामत. टाच वळली की विणणारीला स्वतःचंच कौतुक वाटतं. दुसऱ्या मोज्यात तेच सगळं पुन्हा, फक्त कौतुक वजा. जगभरच्या विणणाऱ्या याच दुसऱ्या मोज्यापाशी आणि दुसऱ्या बाहीपाशी अडखळतात. बाह्यांपुरता तोडगा आहे: दोन गुंडे घेऊन दोन्ही बाह्या एकाच सुईवर शेजारी शेजारी विणायच्या. ओळ लांब होते, पण संपतात त्या दोघी एकदम, आणि लांबीही सारखी येते.

चौकोनांना हा त्रास नाही. साखळीचं छोटं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे घोस, कोपऱ्यात दोन घोस. चहा उकळेपर्यंत एक फेरी होते. प्रत्येक चौकोन आपल्यापुरता पुरा असतो. ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत क्रोशाची ११,१४८.५ चौरस मीटरची चादर मांडून गिनेस विक्रम झाला तो याच युक्तीवर: बायकांनी घरोघरी तुकडे विणायचे, मग सगळे जोडायचे. बाईंचं घोडं जोडण्यापाशीच अडलं आहे. विणणं वेगळं आणि शिवत बसणं वेगळं, दुसऱ्याला त्यांच्या लेखी प्रतिष्ठा नाही.

शेजारची सून उठता उठता निरोप देते. तिच्या नणंदेला मुलगी झाली, रविवारी बारसं आहे. बाई लगेच पिशव्या बाजूला सारतात. कप्प्याच्या कोपऱ्यात पिवळ्या लोकरीचा एक गुंडा आहे, पट्टी शाबूत असलेला. टोपड्याला तेवढा पुरतो आणि त्याला बाह्या नसतात. १० नंबरच्या सुयांवर टाके पडायला लागतात.

"आणि हे मोरपंखी वो?"

"त्याचं पाहू दिवाळीनंतर."