रोहिणीचे पाणी आणि पाच पंच

दरवर्षी वर्षावासात विहाराविहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. सिद्धार्थ गौतमाच्या परिव्रज्येचा भाग आला म्हणजे श्रोते निःशब्द होतात. मातापित्यांचा शोक, यशोधरेचा धीरोदात्त निरोप, छन्नाचे अश्रू यांनी कोणाचेही मन हेलावावे असाच तो भाग आहे. तथापि त्याच प्रकरणात, या निरोपाच्या थोडे आधी, शाक्य संघाच्या सभेत सिद्धार्थाने मांडलेली एक उपसूचना आहे. वाचन करणारे ती भरभर वाचून पुढे जातात, असा आमचा अनुभव आहे. प्रस्तुत लेख त्या उपसूचनेविषयी आहे.

प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. शाक्य आणि कोलीय या दोन गणराज्यांच्या मधून रोहिणी नदी वाहत होती व दोघांचीही शेती तिच्याच पाण्यावर अवलंबून होती. सिद्धार्थाच्या संघ-सदस्यत्वाच्या आठव्या वर्षी पाण्यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी होऊन माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने कोलीयांविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव संघापुढे ठेवला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला. आधी दोष कोणाचा याची चौकशी व्हावी, कारण आपल्या माणसांनीही आगळीक केल्याचे ऐकिवात आहे, असे त्याने सांगितले. आणि मग त्याने सुचविले की, शाक्यांनी आपल्यातून दोघे निवडावेत, कोलीयांना त्यांच्यातून दोघे निवडण्यास सांगावे, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंट्याचा निकाल लावावा. मतदान झाले. उपसूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली.

हा कलह पाली अट्ठकथांतही येतो, पण निराळ्या रीतीने. तेथे तथागत बुद्ध झालेले आहेत. ज्येष्ठाच्या उन्हाळ्यात पिके सुकू लागली असता नदीवरचे कामकरी एकमेकांशी भांडतात, एकमेकांच्या कुळांचा उद्धार करतात, भांडण वर चढत जाते आणि दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकतात. भगवान मध्ये येऊन विचारतात की, हा कलह कशासाठी आहे? राजांना सांगता येत नाही. सेनापतीला विचारावे, उपराजाला विचारावे, असे करता करता प्रश्न अखेर दास-कामकऱ्यांपर्यंत पोहोचतो, तेव्हा उत्तर मिळते: पाण्यासाठी. पाण्याचे मोल अधिक की क्षत्रियांच्या प्राणांचे, या भगवंतांच्या प्रश्नावर शस्त्रे खाली येतात.

बाबासाहेबांनी हा कलह बोधिप्राप्तीच्या पूर्वी आणला व त्यातच गृहत्यागाचे कारण शोधले, हे आपण जाणतोच. आमच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट त्यात घडली. अट्ठकथेत सैन्ये थांबतात ती तथागतांच्या अधिकारवाणीने. बाबासाहेबांच्या ग्रंथात अठ्ठावीस वर्षांच्या एका सदस्यापाशी अशी वाणी नाही. त्याच्यापाशी आहे ती फक्त एक कार्यपद्धती. दोन सैन्यांच्या मध्ये येऊन उभे राहावयास तथागत प्रत्येक वेळी येणार नाहीत. राष्ट्रांना अशा वेळी काय करता येईल, याचे उत्तर त्या उपसूचनेत आहे.

ही पद्धती कल्पनेतली मात्र नाही. सन १८९९ मध्ये हेग येथे सव्वीस राष्ट्रांची शांतता परिषद भरली आणि आंतरराष्ट्रीय तंटे शांततेने मिटविण्याचा करार झाला. पंच कसे नेमावेत याबद्दल पक्षांचे आपसांत जमले नाही तर काय करावे, हे त्यात सांगितले आहे: प्रत्येक पक्षाने दोन पंच नेमावेत व त्या चौघांनी मिळून सरपंच निवडावा. (सरपंच हा शब्द आज आपण गावाच्या प्रमुखासाठी वापरतो, लवादाच्या भाषेत तो मुख्य पंच होय. आणि ‘पंच’ या शब्दातच पाचाचा आकडा दडलेला आहे.) सिद्धार्थाच्या मुखी असलेली योजना आणि हेगची योजना यांचे आकडे तंतोतंत जुळतात.

दोन, दोन आणि एक हीच रचना का? प्रत्येक पक्षाचा विश्वासू माणूस निर्णयाच्या खोलीत असतो, त्यामुळे आपली बाजू ऐकली गेली नाही असे कोणास म्हणता येत नाही. पाचवा कोणा एकाचा मिंधा नसतो, कारण त्यास दोघांच्या माणसांनी मिळून निवडलेले असते. मते समसमान पडून निकाल अडत नाही. आणि ज्याच्या विरुद्ध निकाल जाईल तो आपल्या लोकांना सांगू शकतो की, आपण निवडलेली माणसे तेथे होती, आपला पराभव रणात झालेला नाही. हरणाऱ्याला मान राखून हरता यावे, हे या पद्धतीचे खरे मर्म होय. मुत्सद्देगिरी या शब्दाला आपल्या भाषेत कपटाचा वास चिकटलेला आहे. अजातशत्रूच्या वस्सकार ब्राह्मणाने वज्जींत फूट पाडली ती त्याच जातीची मुत्सद्देगिरी. येथे आपण बोलत आहोत ती निराळी.

सिद्धार्थाची पहिली मागणी चौकशीची होती, हेही विसरता कामा नये. ऑक्टोबर १९०४ मध्ये रशियाचे आरमार जपानशी लढण्यास पूर्वेकडे निघाले असता उत्तर समुद्रात डॉगर बँक येथे रात्रीच्या अंधारात त्याने इंग्लंडच्या मासेमारी नौकांवर गोळीबार केला. जपानी टॉर्पेडो नौका आल्या असा त्यांचा समज झाला होता. दोन मच्छीमार ठार झाले, एक नौका बुडाली, आणि इंग्लंडमध्ये युद्धाची भाषा सुरू झाली. हेगच्या कराराचा आधार घेऊन चौकशी आयोग नेमला गेला. त्यात ब्रिटन, रशिया, अमेरिका व फ्रान्स यांचा एकेक नौदल अधिकारी होता; या चौघांनी पाचवा निवडला, तो ऑस्ट्रिया-हंगेरीचा. आयोगाने पॅरिस येथे बसून फेब्रुवारी १९०५ मध्ये अहवाल दिला. तेथे टॉर्पेडो नौका नव्हत्या असे त्याने स्पष्ट केले, पण रशियन सेनानीची अप्रतिष्ठा होईल अशी भाषा टाळली. रशियाने ६५,००० पौंड भरपाई दिली. युद्ध झाले नाही.

सिद्धार्थ निघून गेल्यावर शाक्यांचे काय झाले, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. लोकांनी मिरवणुका काढून युद्धाचा निषेध केला, संघास फेरविचार करावा लागला, दोन्हीकडून पाच-पाच प्रतिनिधी निवडले गेले आणि रोहिणीच्या पाण्यासंबंधीचा प्रत्येक तंटा सोडविण्यासाठी एक कायमचे लवाद मंडळ नेमण्यात आले. ही वार्ता राजगृही सिद्धार्थास कळते, तरी तो परतत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील कलह प्रासंगिक असतो, वर्गावर्गांतील कलह मात्र अखंड चालू असतो, असे त्यास दिसून येते. तो विषय मोठा आहे. येथे आम्ही ‘कायमचे’ या शब्दापाशी थांबतो.

एका तंट्यापुरते पंच नेमणे वेगळे आणि पुढे उद्भवणाऱ्या तंट्यांसाठी आधीच व्यवस्था करून ठेवणे वेगळे. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पश्चिम पंजाबात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी बंद केले. ४ मे रोजी तात्पुरता समझोता झाला. पुढे जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे पंडित नेहरू व अयुबखान यांनी सिंधू जलकरारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानकडे, अशी वाटणी झाली. त्याहून महत्त्वाचा होता तो स्थायी सिंधू आयोग, ज्यात दोन्ही देशांचा एकेक आयुक्त असे. आयोगात न सुटलेला तांत्रिक मतभेद तटस्थ तज्ज्ञाकडे आणि मोठा वाद सात सदस्यांच्या लवाद न्यायालयाकडे जावा, त्यात प्रत्येक पक्षाचे दोघे असावेत, अशी पायऱ्यांची रचना होती. बगलिहार धरणाचा मतभेद २००७ मध्ये तज्ज्ञाने, तर किशनगंगेचा वाद २०१३ मध्ये लवाद न्यायालयाने निकालात काढला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही करार टिकून होता. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली आणि दुसऱ्याच दिवशी भारताने हा करार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यांविषयीचा क्रोध न्याय्य आहे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु पाण्याचा तंटा मिटविण्याची व्यवस्था ही शेजाऱ्याला दिलेली बक्षिसी नसते, ती दोघांच्याही शेतकऱ्यांची तरतूद असते, असे आमचे मत आहे.

लवाद हा दुर्बलांचा मार्ग आहे, बलवान राष्ट्राने तो का पत्करावा, असा आक्षेप घेतला जातो. शाक्यांच्या सेनापतीचा सूर यापेक्षा फारसा वेगळा नव्हता. या आक्षेपास आपल्याच देशाने कृतीने उत्तर दिलेले आहे, आणि त्याची आठवण आज क्वचितच काढली जाते.

कच्छचे रण पावसाळ्यात पाण्याखाली जाते व उन्हाळ्यात मिठाने पांढरे पडते. तेथील सुमारे ३,५०० चौरस मैल उत्तर भागावर पाकिस्तानने हक्क सांगितला. संपूर्ण रण कच्छचे, म्हणून भारताचे, ही आपली भूमिका होती. एप्रिल १९६५ मध्ये तेथे चकमकी झाल्या. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जून १९६५ रोजी करार झाला. तीन सदस्यांचे न्यायाधिकरण नेमावे, त्यांपैकी कोणीही भारतीय वा पाकिस्तानी नसावा, आणि निकालास कोणत्याही कारणास्तव आव्हान देऊ नये, असे ठरले. त्यानंतर दोनच महिन्यांनी दोन देशांत मोठे युद्ध पेटले. पण हा करार मोडला नाही. भारताने युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला इंतेझाम यांचे नाव दिले. अध्यक्षाविषयी एकमत न झाल्यास नाव संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी सुचवावे असे ठरलेले होते. त्या वेळी महासचिव होते ब्रह्मदेशाचे ऊ थांट, आचाराने व श्रद्धेने बौद्ध. त्यांनी स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन यांना नेमले.

जिनिव्हा येथे बसलेल्या न्यायाधिकरणाने १९ फेब्रुवारी १९६८ रोजी निकाल दिला. विवादित प्रदेशाचा सुमारे नव्वद टक्के भाग भारताचा ठरला. छाडबेट, धारा बन्नी आदी मिळून सुमारे ३५० चौरस मैल पाकिस्तानकडे गेले. बेबलर यांनी भारताचा दावा पूर्णपणे मान्य करून भिन्न मत नोंदविले. अध्यक्ष व इंतेझाम यांचे बहुमत झाले. नगरपारकरच्या दोन्ही अंगांस आत घुसलेले रणाचे दोन फाटे अध्यक्षांनी पाकिस्तानला दिले, ते या कारणाने की, तो भाग परका ठेवणे न्यायोचित होणार नाही, त्यातून घर्षणच वाढेल. हे न्यायाचे कारण नसून राजकारणाचे आहे, अशी टीका आपल्याकडे झाली. ती टीका अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. संसदेत गदारोळ झाला, कच्छमध्ये सत्याग्रह झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरहद्दीचा वाद लवादाने निश्चित करणे म्हणजे प्रदेश तोडून देणे नव्हे, म्हणून त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, असा निर्णय न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. भारत सरकारने निकाल पाळला.

ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते त्याच्या ५१ व्या कलमात, आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने मिटविण्यास उत्तेजन देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे म्हटले आहे. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत मोडते. त्याची अंमलबजावणी न्यायालयातून मागता येत नाही. १९६८ साली ते मोठ्या किमतीला पाळले गेले.

न्यायाधिकरणाने ठरविलेली रणातील सरहद्द त्यानंतर वादाचा विषय राहिली नाही. मात्र रणाच्या पश्चिम टोकाला, जेथे ते समुद्राकडे वळते, तेथील सर क्रीक ही सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी न्यायाधिकरणाने हाताळली नाही. १९१४ च्या एका जुन्या ठरावाचा अर्थ भारत व पाकिस्तान वेगवेगळा लावतात: सीमा खाडीच्या मध्यातून जाते की पूर्व काठाने? २००७ मध्ये दोन्ही देशांनी तेथे संयुक्त सर्वेक्षण केले, वाटाघाटीच्या फेऱ्या झाल्या, पण तो वाद मिटला नाही. खाडीची रेषा ठरत नाही म्हणून तिच्यापुढची सागरी सीमाही ठरत नाही. त्या पाण्यात गुजरातच्या नौकांवर रोजंदारीने जाणारे खलाशी पकडले जातात, त्यांत आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी तरुणही असतात. पलीकडचे सिंधी मच्छीमार आपल्याकडे पकडले जातात. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या परस्परांना देतात. पाकिस्तानकडून येणाऱ्या यादीत बहुसंख्य नावे मच्छीमारांचीच असतात.