सॉफ्टवेअर कंपनीतील बिनकामाचे दिवस

आमचे आयुष्य जिनिंग-प्रेसच्या फाटकांवर गेले आणि शिक्षण बहुतेक वाचनालयात झाले. अशा माणसाने सॉफ्टवेअरवर काय बोलावे, ही शंका रास्त आहे. परंतु पातुरातली मुले-मुली आता पुण्याला हिंजवडीस नोकरीला जातात, आणि त्यांचे आईबाप आम्हांस विचारतात, "भाऊ, कंपनी चांगली की वाईट, हे ओळखावे कसे?"

या कंपन्या विकतात काय, ते आधी पाहू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत निघाली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांवर उभी केली. बँका, विमा कंपन्या यांची संगणकाची कामे करून देणे हा धंदा. गिऱ्हाइकास बिल लागते ते पुष्कळदा माणसांच्या वेळेचे. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत माणूस रिकामा बसतो, त्यास तेथे 'बेंचवर असणे' म्हणतात. पगार चालू, बिल बंद.

आमच्या मते कंपनीची पारख येथेच होते. आपल्याकडे कपाशीचा हंगाम सरला की जिनातला मजूर घरी बसतो. मुंबईच्या गिरणीत बदली कामगार रोज फाटकावर उभा राही; कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाही तर रिकाम्या हाताने चाळीत परत. त्या मानाने बेंचवरचा पगार ही मोठी गोष्ट आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. चांगली कंपनी त्या दिवसांत माणसास नवे शिकवते आणि पुढचे काम देताना त्याचेही म्हणणे ऐकते.

पण २०२५ च्या जूनमध्ये टाटांच्या याच कंपनीने नियम केला की, वर्षात २२५ दिवस बिलाचे भरावेत आणि बेंच ३५ दिवसांहून अधिक नसावा. जुलैत सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर झाले. पुण्याच्या 'नाइट्स' या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेली. गिऱ्हाईक आणणे हे वरच्यांचे काम. ते न आल्याचे प्रायश्चित्त खालच्याने का घ्यावे?

चकचकीत इमारत आणि फुकट कॉफी यांना भुलू नये. आमच्या एका मालकाने पगार थकवला, तरी दिवाळीचे पेढे मात्र वेळेवर वाटले होते!

तालुक्यातल्या एका मुलीस तिच्या कंपनीने दोन महिने बेंचवर बसवून एके दिवशी खोलीत बोलावले आणि राजीनामा लिहून घेतला. कागदोपत्री तिने आपणहून नोकरी सोडली. कपातीत काढलेल्या, वर्षभर सेवा झालेल्या कामगारास कायद्याने महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. राजीनाम्यावर सही झाली की तो हक्क सांगणे अवघड होते. ती बिचारी आम्हांकडे आली ती सही करून आल्यावर.

म्हणून मुलाखतीस जाणाऱ्यांनी तेथल्या जुन्या नोकरांस गाठून विचारावे : गेल्या वर्षी बेंचवर किती होते? त्यांतले किती कामावर परतले? आणि सहीसाठी कागद पुढे आलाच, तर एक दिवसाची मुदत मागून घरी फोन करावा.