साखर कोणाची? एका जिल्ह्यातल्या तीन मालकी

समाजवाद म्हणजे काय, असं विचारलं की आपल्याकडे पटकन गरिबांची कणव, रेशनचं धान्य, लाल झेंडा असली उत्तरं मिळतात. यातलं काहीही समाजवादाचा गाभा नाही. कणव तर भांडवलदारालाही असू शकते, आणि अनेकांना असतेही. खरा प्रश्न मालकीचा आहे. जमीन आणि यंत्रं कोणाची, काय पिकवायचं हे कोण ठरवतो आणि सगळ्यांची देणी भागल्यावर जे उरतं ते कोणाच्या हाती जातं? भांडवलशाही म्हणते, ज्याने पैसा घातला आणि जोखीम पत्करली त्याच्या. समाजवाद म्हणतो, ती साधनं समाजाची असली पाहिजेत आणि उरलेलंही समाजाचंच. मग ‘समाज’ म्हणजे नेमकं कोण, हा पुढचा आणि जास्त अवघड प्रश्न. त्याचा शोध घ्यायला मॉस्कोला जायची गरज नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, उसाच्या पट्ट्यात, तो तीन प्रकारे सोडवून पाहिला गेला आहे.

प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. कालव्याला पाणी आलं, पण ऊस हे पैसेवाल्याचं पीक. बेणं, खत, मजुरी, पाणीपट्टी यांसाठी लागणारी रक्कम कोरडवाहू शेतकऱ्याकडे नव्हती, ती सावकाराकडे होती. पैसा घेऊन आल्या त्या कंपन्या. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला, पुढे टिळकनगरला महादेव दहाणूकरांचा. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेपासून देशी धंद्याला संरक्षण दिलं आणि साखर कारखाने झपाट्याने वाढले. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या आणि हजारो एकरांचे मळे स्वतः कसले. या भांडवलाचं श्रेय नाकारू नये. माळरानावर वाफेची यंत्रं आणि ट्रॉलीचे रूळ आले, उसाच्या सुधारित जाती आल्या, शास्त्रशुद्ध शेती आली. नफा दिसला म्हणून पैसा आला आणि पैसा आला म्हणून उत्पादन वाढलं. भांडवलशाहीचं इंजिन असंच चालतं, आणि त्याच्या तोडीचं दुसरं इंजिन अजून कोणी बनवलेलं नाही. पण ज्याची जमीन तो ठरलेल्या खंडाचा धनी राहिला आणि बरेचदा आपल्याच रानात मजूर झाला. साखरेच्या वाढत्या मोलाशी त्याचा संबंध उरला नाही.

याच काळात नाशिकच्या तुरुंगात वेगळा विचार शिजत होता. सविनय कायदेभंगात पकडलेले जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, याच जिल्ह्यातले अच्युत पटवर्धन आणि इतर तरुण तिथे एकत्र आले. इंग्रज गेल्यावर कारखाना आणि जमीन कोणाची, हा प्रश्न स्वराज्याने सोडवलाच पाहिजे, असं त्यांचं मत झालं. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. पण मला सर्वांत नेमका आराखडा वाटतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीने १९४७ मध्ये मांडलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग आणि विमा सरकारी मालकीचे करावेत असं सुचवलं. शेतीसुद्धा. सरकारने मोबदला देऊन जमीन घ्यावी, गावातल्या कुटुंबांना जातपात न बघता सामुदायिकपणे कसण्यासाठी द्यावी आणि पाणी, बियाणं, अवजारं पुरवावीत. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन असे भेदच उरू नयेत. शिवाय हे सगळं संसदीय लोकशाहीत, हुकूमशाहीशिवाय व्हावं. आणि एका निवडणुकीतल्या बहुमताने ते मोडता येऊ नये म्हणून थेट घटनेत लिहावं. ते घटनेत आलं नाही. प्रास्ताविकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला तो १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, आराखड्याशिवाय.

जमिनीच्या सरकारी मालकीचा प्रयोग मात्र याच जिल्ह्यात झाला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांचे मळे सरकारकडे गेले आणि ते चालवायला १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. कामगारांना कायम नोकरी आणि राहायला वसाहती मिळाल्या, ही मोठी गोष्ट होती. पण काय पेरायचं ते अधिकारी ठरवू लागले, तोट्याची झळ ठरवणाऱ्याला बसेना आणि महामंडळ वर्षानुवर्षं तोट्यात रुतत गेलं. ज्यांच्या जमिनी मुळात खंडाने गेल्या होत्या ते खंडकरी शेतकरी त्या परत मिळाव्यात म्हणून लढतच राहिले. त्या लढ्याचं नेतृत्व माधवराव गायकवाडांसारख्या कम्युनिस्ट नेत्याने केलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सरकारी मालकी आली की समाजवाद आला, असं त्यांनीही मानलं नाही. बाबासाहेबांच्या आराखड्यातला अर्धाच भाग इथे उतरला होता. जमीन सरकारची झाली, पण ती कसणाऱ्या गावाच्या हाती निर्णय आलेच नाहीत. सोव्हिएत रशियातही, फार मोठ्या प्रमाणावर आणि फार मोठी मानवी किंमत देऊन, हेच घडलं. मालकाच्या खुर्चीवर अधिकारी बसला आणि कामगार होता तिथेच राहिला.

तिसरी वाट याच जिल्ह्यातल्या लोणी गावात निघाली. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ पासून तिथे सहकारी पतपेढी चालवली होती. सावकाराशिवाय व्यवहार होऊ शकतो, हे गावाने त्यात पाहिलं होतं. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि मुंबई सरकारातले वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याचं पहिलं गाळप झालं. गाडगीळ पहिले अध्यक्ष होते. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामकऱ्यांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढलं तेव्हा रुजलेलं तत्त्व इथे ऊस पिकवणाऱ्यांनी उचललं: एक सभासद, एक मत. कंपनीत मत शेअरला असतं, ज्याचे जास्त शेअर त्याचा शब्द चालतो. सहकारात मत माणसाला असतं, दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला मतदानात सारखेच. उरलेल्या पैशातून उसाला वाढीव भाव देता आला, शाळा, महाविद्यालयं आणि दवाखाने निघाले. या चळवळीने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला जेवढं दिलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने दिलं असेल.

मग हा समाजवाद आहे का? अर्धामुर्धा. साखर बाजारात विकली जाते, जमीन खासगीच राहते, सरकारचं भागभांडवल आणि कर्जाची हमी पाठीशी असते, उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवतं. मत समान असलं तरी पैसा टनावर मिळतो, त्यामुळे मोठ्या बागायतदाराचा वाटा मोठाच राहतो आणि संचालक मंडळही सहसा त्याच्याच घरचं. अनेक कारखाने कर्जात बुडाले, लिलावात खासगी मालकांकडे गेले. आज राज्यात खासगी कारखान्यांची संख्या सहकारी कारखान्यांच्या जवळपास बरोबरीला आली आहे. सभासदांच्या मालकीची वस्तू सभासदांना न विचारता हातची जाते तेव्हा ती मालकी कागदावरच होती, असं म्हणावं लागतं.

त्याहून जास्त मला सलतो तो ऊसतोड कामगार. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागातून तो बायकोसह येतो. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि हिशेबात ती जोडी एकच धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून, करार मुकादमाशी, मजुरी टनावर. कारखान्याचा सभासद व्हायचं तर कार्यक्षेत्रात स्वतःचा ऊस हवा, तो याच्याकडे नसतोच. कंपनी गेली, सरकार आलं, सहकार आला, पण पहाटे फडात उतरणारी ही जोडी तिन्ही मालकींच्या बाहेरच राहिली. वार्षिक सभा पावसाळ्याच्या शेवटी होते, तेव्हा ती आपल्या गावी पुढच्या हंगामाची उचल घेत असते. सहकार कायद्यात बदल करून सलग काही हंगाम तोडणी करणाऱ्यांना सभासदत्व द्यावं, नवरा-बायकोला वेगवेगळं. संचालक मंडळात त्यांच्यासाठी जागा राखाव्यात, आणि अंतिम दर ठरतो तेव्हा शिलकीतला एक भाग त्यांच्या नावे वेगळा काढावा. हे प्रवरा कारखान्यापासूनच सुरू करता येईल.