घड्याळाच्या पाठीवरचे आकडे

जहाजावर किंवा आखातात नोकरी केलेला एखादा तरी माणूस गोव्यातल्या पुष्कळ घरांत निघतो. त्याच्या कपाटात कधीकधी एक जुनं जपानी घड्याळ सापडतं: जड स्टीलचं, उजव्या बाजूला दोन बटणं असलेलं. वरचं बटण दाबलं की मोठा सेकंदकाटा धावू लागतो. हा क्रोनोग्राफ, म्हणजे मनगटी घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच.

यातलं एक गाजलेलं यंत्र म्हणजे सीको ६१३९. ते १९६९ साली बाजारात आलं. चावी न देता चालणारे पहिले क्रोनोग्राफ त्याच वर्षीचे. त्यात झेनिथ आणि ह्यूअर-ब्राइटलिंग गटाचेही होते. अमेरिकन अंतराळवीर विल्यम पोग १९७३ मध्ये स्कायलॅबवर गेला, तेव्हा पिवळ्या तबकडीचं स्वतःचं ६१३९ त्याने सोबत नेलं होतं.

घड्याळ उलटं करा आणि भिंग घ्या. '६१३९-६००२' असं काही दिसेल. पहिले चार आकडे आतल्या यंत्राचे, पुढचे चार केसचे. याशिवाय सहा आकड्यांचा एक अनुक्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९. ऑक्टोबरला 'ओ' (तो शून्यासारखाच दिसतो), नोव्हेंबरला 'एन', डिसेंबरला 'डी'.

दोन आकडी वर्षाने २००० साली आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना घाम फोडला होता. इथे तर एकच आकडा! पण हे यंत्र सत्तरच्या दशकाअखेरपर्यंतच बनत होतं. त्यामुळे प्रश्न उरतो फक्त ९ चा: १९६९ की १९७९? तेव्हा पाठीवरची इंग्रजी अक्षरं बघायची. अगदी सुरुवातीच्या घड्याळांवर 'वॉटरप्रूफ' असे, नंतर 'वॉटर रेझिस्टंट' आलं.

माझे मामा १९७० मध्ये पहिल्यांदा बोटीवर चढले. 'पहिल्या पगाराचं घड्याळ' अशीच त्यांच्या घड्याळाची घरात ओळख होती. ते गेल्यावर मामेभावाने ते विकायला काढलं, म्हणून फोटो काढताना मी आकडे वाचले. सुरुवात ४५ ने, म्हणजे मे १९७४. मामीला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "पहिल्या पगारात त्यांनी घरावर कौलं घातली. घड्याळ मागाहून आलं." ही गोष्ट आम्हा भाच्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती. मामेभावाने विक्रीचा विषय पुन्हा काढलेला नाही.

अर्थात, आकडा घड्याळ कधी बनलं ते सांगतो. कधी विकत घेतलं ते नाही. त्यासाठी जहाजावरच्या नोकरीचं सीडीसी पुस्तक, जुना पासपोर्ट किंवा दुकानाची पावती शोधा. मागचं झाकण दुसऱ्याच घड्याळाचं असू शकतं. म्हणून जाणत्या कारागिराकडून ते उघडून घ्या. आत यंत्रावर '६१३९ ए' किंवा '६१३९ बी' कोरलेलं दिसायला हवं. तबकडीच्या खालच्या कडेला, ६ च्या आसपास, 'जपान' आणि तबकडीचा बारीक नंबर छापलेला असतो. तो नसेल किंवा फिसकटलेला असेल, तर तबकडी नव्याने रंगवलेली असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडच्या बाजारात अशी रंगवलेली घड्याळं पुष्कळ फिरतात.

एक गोष्ट मात्र करू नका. "पॉलिश मारून नवं करून देतो" असं कुणी म्हणालं तर हात जोडा. पॉलिशने ओरखडे जातात, त्यांच्याबरोबर अक्षरंही झिजतात, आणि घड्याळाचा जन्मदाखला तोच असतो.

येत्या चवथीला सगळे मूळ घरी जमतील. आरती झाली की आजोबांना, काकांना त्यांचं घड्याळ मागा. पाठीचा स्पष्ट फोटो काढा आणि त्यांना विचारा, "हे तुम्ही कुठे घेतलंत?" उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आकडे नंतरही वाचता येतील.