दिल्यानें टिकणारा ठेवा

विद्याधन दिल्यानें वाढतें, हें आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असतें. परंतु संग्रहाचा छंद लागलेल्या माणसाला त्याचा विसर फार लवकर पडतो. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांचे शौकीन याला अपवाद नाहींत. एखादी दुर्मिळ ध्वनिमुद्रिका हातीं आली कीं ती कपाटांत बंद करावी, पाहुण्यांना तिचें दुरून दर्शन घडवावें, व ऐकविण्याची वेळ आली म्हणजे विषय बदलावा, अशी वृत्ति पुष्कळ ठिकाणीं आढळते. आज इंटरनेटच्या साह्यानें पुण्यांतील तबकडी परदेशांतील रसिकाला घरबसल्या ऐकतां येते. अशा वेळीं ती द्यावी कीं न द्यावी, व द्यावयाची तर कशी, याचा विचार आपण सर्वांनींच करणें अवश्य आहे. कारण असल्या तबकड्या केवळ संग्राहकांकडेच नव्हे, तर कित्येक साध्या घरांच्या माळ्यावरही पडून आहेत.

आपण काय गमावलें हें आधीं पाहूं. भाऊराव कोल्हटकरांच्या गाण्यानें महाराष्ट्राच्या एका पिढीला वेड लावलें. ते १९०१ सालीं वारले, आणि ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग आपली यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास उतरले ते १९०२ सालीं! येथें दैवाला दोष देऊन तरी स्वस्थ बसतां येईल. परंतु भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत व अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. घरोघर तबकड्या वाजत असतांनाही या दोघांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज ऐकावयास मिळत नाहीं. त्यांच्या गायकीचीं वर्णनें आहेत, आठवणी आहेत, शिष्यपरंपरा आहे. पण वर्णनानें कानाची तहान भागत नाहीं. म्हणूनच, जे आवाज सुदैवानें मुद्रित झाले ते आपल्या हातून नष्ट होऊं देणें हा अधिक मोठा अपराध होय.

गैसबर्ग यांच्या त्या पहिल्या दौऱ्यांत गौहरजान या सुप्रसिद्ध गायिकेचें गाणें मुद्रित झालें. गाणें संपतांच ती स्वतःचें नांव इंग्रजींत पुकारते. आज ऐकणाऱ्याला याची गंमत वाटते. पण त्यामागें रोकडा व्यवहार होता. तबकड्या तयार होत त्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें. तेथील कारागिरांना आपल्या भाषेचा गंध नव्हता. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नांवाचा कागद चिकटवावयाचा, हें त्यांना त्या उच्चारावरून कळे. पुढें १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला. लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या मिश्रणाची ती तबकडी. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. तासभर आळवावयाचा राग तेवढ्यांत बसवितांना गवयांची केवढी तारांबळ उडत असेल, याची कल्पनाच करावी!

तबकडी कोठें सांपडेल व कोणाच्या उपयोगी पडेल, याचा मात्र नेम नसतो. अमेरिकेनें १९७७ मध्यें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. त्यांवर पृथ्वीवरील आवाजांची एक सुवर्णमंडित तबकडी बसविली असून तींत ५५ भाषांतील अभिवादनें आहेत. त्यांत आपली मराठीही आहे. तिच्यासाठीं संगीताची निवड चालली असतां केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी सुचविण्यांत आली. पण ध्वनिमुद्रिका बाजारांत मिळेना. अखेर निवड करणाऱ्या मंडळींपैकीं ॲन ड्रूयन यांना न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालीं पडलेल्या खोक्यांत, तिच्या तीन प्रती सांपडल्या. ज्या अल्लादियाखाँचा एक सूरही आपणांस ऐकतां येत नाहीं, त्यांच्याच या गोमंतकीय शिष्येचा स्वर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे प्रवास करीत आहे. तें खोकें त्यापूर्वीं कोणी रद्दींत काढलें असतें तर?

तेव्हां द्यावें हें खरें. पण जपून द्यावें. याविषयीं एक मौजेची हकीकत सांगण्याजोगी आहे. एडिसनच्या फोनोग्राफपूर्वीं सतरा वर्षें, १८६० मध्यें, स्कॉट नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या लहरींच्या रेषा उमटविल्या. त्या पुन्हां ऐकण्याची सोय त्याच्यापाशीं नव्हती. २००८ मध्यें संशोधकांनीं संगणकाच्या साह्यानें त्या रेषांतून एका फ्रेंच लोकगीताचे सूर बाहेर काढले, तेव्हां गाणारी एखादी तरुणी असावी असें सर्वांस वाटलें. पुढें ध्यानांत आलें कीं गति दुप्पट धरली गेली होती; गाणारा पुरुष होता, व बहुधा तो स्कॉटच!

आपल्या जुन्या तबकड्यांचीही कांहीं अंशीं हीच गत होते. मिनिटास ७८ फेरे हा नियम सुरवातीला कसोशीनें पाळला जात नसे. ७४ फेऱ्यांनीं मुद्रित झालेली तबकडी ७८ नें वाजविली, तर तीन मिनिटांत सुमारें नऊ सेकंद कमी होतात आणि स्वर जवळजवळ अर्ध्या सुरानें चढतो. पांढरी एकमध्यें गाणारा गवई काळी एकमध्यें गाऊं लागतो. घाईनें उतरवून घेतलेली अशी प्रत शेंकडों लोकांकडे गेली, कीं तीच खरी ठरते. नांव चुकलें तर पाहावयासच नको. एकाचें गाणें दुसऱ्याच्या नांवावर कायमचें रुजूं होतें.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें, व त्यांत १९९२ मध्यें झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, ध्वनिमुद्रिकेवरील हक्क तिच्या प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें चालतो. परंतु गीताच्या शब्दांचा व चालीचा हक्क निराळा असून तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें राहतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्यें वारले. म्हणजे तबकडीवरील हक्क संपला तरी त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेर संपेल. पारंपरिक चीजांना ही अडचण सहसा येत नाहीं. म्हणून आरंभ त्यांपासूनच करावा हें उत्तम.

आतां आमच्या वाचकांस विनंती. माळ्यावरील पेटी भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहा. तबकड्या एकावर एक रचूं नका, उभ्या ठेवा. पुसण्यासाठीं स्पिरिट लावूं नका, कारण लाख त्यांत विरघळते. जुन्या फोनोच्या जड पोलादी सुईनें त्या वारंवार वाजवूं नका. अशा तबकड्यांच्या रुंद चरांना योग्य सुई असलेल्या हलक्या यंत्रावर एकदांच नीट वाजवून प्रत करून घ्या. कागदावरील नांव, क्रमांक व तबकडीच्या अंगावर कोरलेला बारीक अंक हीं तिघेंही टिपून ठेवा, आणि दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें काढा. मुंबईंत १९९० पासून जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था आहे. मायकेल किनिअर यांनीं पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रिकांची सूचि १९९४ मध्यें मुंबईसच प्रसिद्ध केली. जाणकारांचा सल्ला दुर्लभ नाहीं.

एवढें केल्यावर मग ती प्रत खुशाल वांटा. घरांत आहे ती एकच तबकडी हातून निसटली कीं फुटली. चार ठिकाणीं दिलेली प्रत एका घरच्या अपघातानें नाहींशी होत नाहीं. मात्र प्रत्येक प्रतीबरोबर गाणाराचें नांव गेलेंच पाहिजे. गौहरजानेनें तें स्वतः पुकारून ठेवलें. ज्यांना तें पुकारतां आलें नाहीं, त्यांच्यासाठीं तेवढें काम आपण करावें.