उत्तर द्यायचे राहून जाते तेव्हा



स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाने मोबाईलवर पाठविला, त्यास माझे उत्तर गेले ते सतराव्या दिवशी. मधल्या काळात तो निरोप मी निदान दहा वेळा उघडून वाचला असेल. ‘अवश्य देतो’ एवढेच लिहावयाचे होते. ते का लिहिले गेले नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मला एडीएचडी असल्याचे मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केले. अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर हे त्याचे पूर्ण नाव. या नावामुळे असा समज होतो की माणसाजवळ लक्ष कमी असते. वास्तविक लक्ष असते, परंतु ते पाहिजे त्या वेळी पाहिजे त्या ठिकाणी ठरत नाही. ही अवस्था बालपणापासूनच असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, तीही घर, शाळा, कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणी. मोठेपणी वरवरची चुळबुळ कमी होते. विसराळूपणा, कामाला हात न लागणे आणि वेळेचा अंदाज चुकणे मात्र मागे राहते.

माझे सहकारी विचारतील, मग बँकेत याचे काम कसे चालते? काउंटरवर ग्राहक समोर उभा असतो, मागे रांग असते आणि संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. काम डोळ्यांपुढे आणि त्याची वेळही ‘आत्ता’. अशा ठिकाणी आमच्यासारख्यांचे मन चांगले चालते. मोबाईलवरील निरोपाचे तसे नाही. तो वाचला की वाचल्याची निळी खूण उमटते, पडदा बंद होतो आणि ‘संध्याकाळी निवांत लिहू’ हा विचार दुसऱ्या क्षणी कुठल्या कुठे जातो. शिवाय उत्तर देणे हे दिसते तसे एक काम नसते. वाचणे, माहिती शोधणे, काय म्हणायचे ते ठरविणे, शब्द जुळविणे, पाठविणे अशी ती पाच कामे असतात. इतरांच्या मनात ती आपोआप एकामागून एक होतात. आमच्याकडे प्रत्येक पायरीवर गाडी बंद पडते, आणि दर वेळी नव्याने धक्का द्यावा लागतो.

इथवर केवळ विसराळूपणा झाला. खरी अडचण चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू होते. तेव्हा निरोप आठवतो, पण आता नुसते उत्तर चालणार नाही, उशिराचे कारणही दिले पाहिजे असे वाटते. दहाव्या दिवशी कारण पुरेसे वाटत नाही. विसाव्या दिवशी त्या माणसाचे नाव पडद्यावर दिसले तरी पोटात गोळा येतो आणि आपण फोन उलटा ठेवतो. पलीकडचा समजतो, याला गर्व झाला. इकडे मात्र त्याच्याच विचाराने झोप लागत नसते.

आपल्या धम्मात पाच नीवरणे सांगितली आहेत. त्यांतील चौथे उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे मनाची चंचलता आणि केल्या-न केल्याचा पस्तावा. ही दोन्ही एकाच जोडीत का बांधली असावीत, हे मला पूर्वी कळत नव्हते. सामञ्ञफल सुत्तात या नीवरणाला दास्याची उपमा दिली आहे. (बँकवाल्याला कर्जाची उपमा अधिक पटली असती, पण ती तेथे कामच्छंदाला दिलेली आहे.) अर्थात नीवरणे प्रत्येकाच्या मनात असतात आणि एडीएचडी हे वैद्यकीय निदान आहे, त्यांची गल्लत करू नये. मी रोज सकाळी आनापान करतो, त्याने बरे वाटते. परंतु डॉक्टरांची गोळी त्यामुळे बंद झालेली नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. आपल्याच वस्तीतील एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी विचारले होते : ‘काका, उत्पन्नाचा दाखला आईच्या नावाचा चालेल का? वडील नाहीत.’ मला उत्तर साधारण माहीत होते. एकदा खात्री करून सांगू, असे म्हटले, आणि अर्जाची मुदत संपली. त्याने पुन्हा विचारले नाही, मीही पुढे महिनाभर विहारात त्याच्यासमोर जाण्याचे टाळले. शेवटी त्याच्या आईने मला रस्त्यात गाठले. ती रागावली नाही. ‘भाऊ, तुम्ही कामात असाल म्हणून त्याने परत विचारलं नाही,’ एवढेच म्हणाली. त्या मुलाचे एक वर्षाचे पैसे गेले. माझी अवस्था वैद्यकीय आहे, हे खरे असले तरी ते पैसे त्यामुळे परत येत नाहीत.

तेव्हापासून मी काही सवयी लावून घेतल्या आहेत. मिलिंदप्रश्नात स्मृती कशाकशाने जागी होते याची मोठी यादी आहे. तीत दुसऱ्याने आठवण करून देणे आहे, पुस्तकातील नोंद आहे, ठेवलेली वस्तू पाहणेही आहे. म्हणजे बाहेरचा आधार घेण्यात कमीपणा नाही, हे फार पूर्वीच मान्य झालेले आहे. आवक-जावक वहीसारखी एक लहान वही मी खिशात ठेवतो. ज्याला लगेच उत्तर देता येत नाही त्याचे नाव आणि तारीख तीत लिहितो, आणि मोबाईलमध्ये तो निरोप पुन्हा ‘न वाचलेला’ करून ठेवतो. रात्री जेवणानंतर पत्नी समोर बसते, तेव्हा वही उघडायची. ती काही बोलत नाही, तिचे काम करते. पण कोणी शेजारी असले की हात चालतो, हा अनुभव आहे. समूहात रोज येणारी फुलांची सुप्रभात चित्रे मी आवाज बंद करून ठेवली आहेत. पाठविणाऱ्यांनी राग मानू नये, त्या ढिगाऱ्याखाली कामाचा निरोप गाडला जातो.

आणि मुख्य म्हणजे, उशिराच्या उत्तरात कैफियत लिहिणे सोडले. ‘उशीर झाला. आईच्या नावाचा दाखला चालेल का, ते उद्या तहसीलमध्ये विचारून दुपारपर्यंत सांगतो.’ बस्स. क्षमायाचनेचा परिच्छेद लिहायला बसलो की ते उत्तर पुन्हा आठ दिवस लांबते. खात्री नसेल तर ‘वाचले, शुक्रवारी सांगतो’ हेही उत्तरच आहे. लिहिणे जड वाटले तर बोलून पाठवावे.

पालकांसाठी थोडे. वर्गात खिडकीबाहेर पाहणारे, डबा विसरणारे मूल ‘आळशी’ ठरते, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत त्या शब्दामागे ‘यांच्यात असेच’ हा जुना शेराही कधी कधी दडलेला असतो. मुलींमध्ये चंचलता वरून दिसत नाही, म्हणून त्यांचे निदान राहून जाते. तथापि प्रत्येक विसराळूपणा म्हणजे एडीएचडी नव्हे. अपुरी झोप, नैराश्य, थायरॉईडचा विकार यांनीही असे होते, म्हणून मनानेच निष्कर्ष न काढता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. कोठे जावे हे कळत नसेल तर १४४१६ हा शासनाचा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून विनामूल्य आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. परीक्षेत जादा वेळ हवा असल्यास संबंधित मंडळाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

आता ज्यांना माझ्यासारख्याकडून उत्तर हवे आहे त्यांच्यासाठी. एका निरोपात एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे ते लिहावे. ‘वेळ मिळेल तेव्हा सांगा’ असे लिहू नये, ती वेळ आमच्याकडे येत नाही. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर टोमणा न मारता तोच निरोप पुन्हा पाठवावा, तरीही नाही आले तर सरळ फोन करावा. विद्यार्थ्यांनी तर संकोच अजिबात करू नये. माझा नंबर मंडळाच्या फलकावर आहे, आणि रविवारी वंदनेनंतर मी विहाराच्या पायऱ्यांवर वही घेऊन तासभर बसलेला असतो. तेथे येऊन विचारले तर उत्तर तेथेच मिळते.