मुखाची साक्ष

वैशाखात भुसावळच्या फलाटावर उतरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडावी, यात वैद्यकाने दखल घ्यावी असे काहीच नाही. परंतु पावसाने तापी दुथडी भरल्यावरही ज्याची जीभ टाळूला चिकटते, भाकरीचा घास पाण्याच्या घोटावाचून उतरत नाही आणि हिरड्यांलगत दात भराभर किडू लागतात, त्याने सारा दोष उन्हाच्या माथी मारून स्वस्थ बसू नये. मधुमेह, रोजची काही औषधे अशी त्याची कारणे अनेक. त्यांतच एक, सहसा कोणाच्या ध्यानी न येणारे, म्हणजे हेपॅटायटिस सी. यकृतात ठाण मांडणारा हा विषाणू काहींच्या लाळग्रंथींनाही दाहाने क्षीण करतो, आणि लाळ आटली की दातांचा पहारा उठतो.

१९८९ साली ओळख पटलेला हा विषाणू मोठा मुकाट. वीस-वीस वर्षे तक्रारीवाचून रक्तात वावरतो. मुख मात्र कधी आधी साक्ष देते. गालाच्या आतून पांढऱ्या रेषांची नाजूक जाळी उमटते, तिला लायकेन प्लॅनस म्हणतात. जपान व इटलीत तिचे या विषाणूशी नाते दिसले, ब्रिटनमध्ये दिसले नाही. तेव्हा जाळीवरून यकृताचा निवाडा करण्याची घाई नको. आमच्या खानदेशात आणखी एक घोटाळा होतो : तंबाखू-गुटख्याचे चट्टेही पांढरेच, आणि भरतातली हिरवी मिरची दोन्हीकडे झोंबते. घरच्या आरशापुढे हा मामला मिटत नाही. दंतवैद्याला प्रसंगी ऊतीचा कण तपासणीस धाडावा लागतो.

खरी जोखीम दाढ काढताना. रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्ये यकृतात घडतात. ते आकसून कठीण झाले की प्लीहा फुगते, रक्तबिंबिका घटतात, आणि एरवी कापसाच्या बोळ्याने थांबणारे रक्त वाहतच राहते. अशा रुग्णास आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांपासून दूर ठेवतात, पॅरासिटामॉलही सहसा दिवसाला २ ग्रॅमच्या आत. बधिर करण्याचे लिग्नोकेन यकृतातच विरते, म्हणून तेही मोजून.

हे सारे सांभाळायचे तर रुग्णाने आजार सांगायला हवा, आणि तो सांगत नाही, कारण सांगितले की ‘मोठ्या दवाखान्यात जा’ हे उत्तर त्याला पाठ असते. या नकाराला माझ्या मते शास्त्राचा आधार नाही. आजार ठाऊक नसलेले कितीतरी रुग्ण त्याच खुर्चीत बसून जातात. तेव्हा हातमोजे, नवी सुई आणि निर्जंतुक हत्यारे यांचा बंदोबस्त सर्वांसाठीच हवा. दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर पंधरा मिनिटे हत्यारे ठेवणारा ऑटोक्लेव्ह, वाफेच्या इंजिनांवर ज्या गावाने संसार थाटला त्याला निराळा समजावून सांगावा लागू नये.

आणि हा आजार आता बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात आणि शंभरांतले पंचाण्णवांच्या आसपास मुक्त होतात. मात्र प्रतिपिंडे रक्तात पुढे वर्षानुवर्षे राहतात, साधी चाचणी पॉझिटिव्हच येते, आणि बरा झालेला माणूस पुन्हा दारातून परतवला जातो. विषाणू उरला नसल्याचा खरा दाखला आरएनए चाचणीचा. त्या कागदाची घडी दाढेच्या एक्स-रेसोबतच पिशवीत असू द्यावी.